पंडिता रमाबाई : शारदा सदन ते मुक्ती

आपल्या घरांत रमाबाई हे नाव निघाले की डोळ्यांपुढे माता रमाई उभ्या राहतात, आणि ते योग्यच आहे. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतून विचारले तर रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी. ह्या दोघींखेरीज आणखी एक रमाबाई महाराष्ट्रात होऊन गेल्या. लोक त्यांना पंडिता म्हणत. त्यांचे नाव आपल्या सभा-संमेलनांतून क्वचितच घेतले जाते. कारण उघड आहे. जन्माने त्या चित्पावन ब्राह्मण, आणि धर्मांतर केले ते ख्रिस्ती धर्मात. तेव्हा त्यांच्याशी आपला संबंध काय, असे एखादा तरुण विचारील. त्याने विचारलेच पाहिजे. परंतु १८८९ साली मोजक्या मुलींनिशी ह्या बाईंनी जे काम सुरू केले ते दौंड तालुक्यातल्या केडगावी शतकाहून अधिक काळ चालत आले आहे, आणि ते काम ब्राह्मण विधवांपासून सुरू होऊन सर्व जातींच्या मुलींपर्यंत कसे गेले ही गोष्ट आपण जाणून घेण्यासारखी आहे. धर्म सोडणे म्हणजे काय, तो कोण सोडतो, कशासाठी सोडतो, हा प्रश्नही तिच्यात गुंतलेला आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून ह्या तरुण शिष्याच्या मनाने घेतले की आपणही आपल्या पत्नीला शिकवावे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिले नाही. पुढे ती वारली. पैठणला गोदावरीच्या काठी एका यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची मुलगी चव्वेचाळीस वर्षांच्या अनंतशास्त्र्यांना देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी तो पुढल्या यात्रेला निघून गेला. ह्या लक्ष्मीबाई म्हणजे रमाबाईंची आई. अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकविले. धर्ममार्तंड खवळले, शास्त्र्यांना सभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रांचेच आधार काढून आपली बाजू मांडली. पण हा माणूस कुठे थांबला तेही सांगितले पाहिजे. स्त्रियांना आणि शूद्रांना वेदांचा अधिकार नाही हे ते मानीतच राहिले. पत्नीला आणि मुलींना त्यांनी पुराणे शिकविली, काव्य-व्याकरण शिकविले. वेद मात्र नाही.

पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मूल सहा महिन्यांचे झाले तोच घर मोडले आणि वेताच्या टोपलीत घालून, माणसाच्या डोक्यावरून त्यांची पहिली यात्रा झाली. पुढली सोळा वर्षे ह्या कुटुंबाला घर असे नव्हते. देवळात बसावे, पुराण सांगावे, येईल ती दक्षिणा घ्यावी, त्यातलीही पुष्कळशी ब्राह्मणांना दान करावी आणि पुढले तीर्थ गाठावे. पहाटे आई मुलीला जवळ घेऊन बसे आणि श्लोक म्हणवून घेई. भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला लहानपणीच मुखोद्गत झाले.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. येथे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलेला अनुभव फार बोलका आहे. ह्या घरात पाच माणसे, पाचही विद्वान. पण मजुरी करणे हे आपल्या कुळाला कमीपणाचे, भीक मागणे लाजेचे आणि पोटापुरते कमावता येईल असा एकही हुन्नर कोणाच्या हातात नाही. अंगावरचे दागिने गेले, भांडी गेली. होते नव्हते ते देवांना आणि ब्राह्मणांना देऊन अनुष्ठाने केली. देव काही धावून आला नाही. शेवटी रानातली पाने खाण्याची वेळ आली. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीणही गेली. आईचे प्रेत उचलायला चार ब्राह्मण मिळेनात. दोन मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंना द्यावा लागला. उंची कमी, म्हणून तिरडीचा तो कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला आणि तीन मैल चालत स्मशान गाठले.

वाचक बंधु-भगिनींनो, ह्या प्रसंगाकडे आपण आपल्या बाजूने पाहावे. आपल्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या हातांनी राबल्या, त्यांच्या हातांना सगळी कामे येत होती आणि अक्षर मात्र त्यांना निषिद्ध होते. इकडे अठरा हजार श्लोक पाठ असलेली मुलगी उपाशी बसली होती, कारण काम करणे तिच्या जातीला निषिद्ध होते. चातुर्वर्ण्याने मेंदू आणि हात तोडून वेगळे केले ते असे. रमाबाईंना हे त्या वेळी ह्या शब्दांत उमगले असेल असे मी म्हणत नाही. पण पुढे केडगावात त्यांनी जी घडी बसविली तिचे मूळ ह्या उपासमारीत आहे, अशी माझी खात्री आहे.

बहीण-भाऊ उरले. दोघे पायी देशभर हिंडले, काश्मीरपर्यंत गेले. थंडीत पांघरूण नाही म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून त्यांत गळ्यापर्यंत पुरून घेऊन रात्री काढल्या. १८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची, अविवाहित, घडाघड संस्कृत बोलणारी मुलगी पाहून तिथले पंडित थक्क झाले. परीक्षा घेऊन त्यांनी पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांना वेद वाचायला सांगून ग्रंथच हाती दिला. वडिलांनी जे दार बंद ठेवले होते ते असे उघडले.

धर्मशास्त्रे वाचताना त्यांना जे आढळले ते त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात स्पष्ट लिहिले आहे. हे ग्रंथ एकमेकांशी कशातच जुळत नाहीत. जुळतात ते एवढ्यातच की स्त्री मग ती कोणत्याही जातीची असो, पापी आहे, आणि पुरुषाला मिळणारा मोक्ष तिला नाही. तिने नवऱ्याची पूजा करावी, तोच तिचा देव. शूद्रांची गतही तीच. वेद शिकणाऱ्या शूद्राला सांगितलेली शिक्षाही त्यांनी नोंदवून ठेवली आहे. हे वाचून त्यांचा त्या धर्मावरचा विश्वास उडत गेला. मनुस्मृतीत स्त्रीविषयी काय काय लिहिले आहे ते १८८७ सालच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात उतारेच्या उतारे देऊन त्यांनी जगापुढे ठेवले. बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली ती त्यानंतर चाळीस वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते कायस्थ, ब्राह्मणांच्या हिशेबी शूद्र. शंभरावर वर्षांनंतरही आपल्या राज्यात आंतरजातीय लग्न केले म्हणून मुलामुलींचे मुडदे पडले आहेत. तेव्हा १८८० साली ब्राह्मणाच्या मुलीने हे करणे म्हणजे काय असेल ते ज्याचे त्याने ताडावे. दोन वर्षेही संसार झाला नाही. मुलगी मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्याला आल्या. रानडे प्रभृती सुधारकांनी स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण हवे, असे त्यांनी तिथे निर्भीडपणे मांडले. त्याच वर्षी त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी ताराबाई शिंदे ह्या सत्यशोधक बाईंचे 'स्त्री-पुरुष तुलना'ही निघाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. ताराबाई पुरुषांना फैलावर घेतात, रमाबाई स्त्रियांना नीटनेटके वागायला सांगतात. रमाबाईंची उठबस तेव्हा सुधारक ब्राह्मणांत होती, आणि त्या पुस्तकावर त्या उठबशीची छाया आहे असे मला वाटते. ज्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई पस्तीस वर्षे राबत होती, तिथेच हे चालले होते.

'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून आलेल्या पैशांवर १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याचा बेत होता, पण कानाने साथ दिली नाही. ऐकू कमी येत होते. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. ह्या भगिनी लंडनजवळ, समाजाने बिघडलेल्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांना सांभाळतात, त्यांची सेवा करतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पतित म्हटलेल्या बाईला माणूस मानणारा धर्म त्यांनी तोवर पाहिला नव्हता. नेहेम्या गोऱ्हे ह्या धर्मांतरित महाराष्ट्रीय पंडिताच्या लिखाणाचाही परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. कालपर्यंत जिला सरस्वती म्हणून डोक्यावर घेतली ती आज धर्मद्रोही ठरली. गोऱ्यांनी भुलविली, पैशांनी बाटविली, बाईमाणसाची अक्कल ती किती, असे सूर निघाले. धर्म सोडणाऱ्याने विचार करून सोडला असेल हे कोणाला मानवतच नाही. हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. १९५६ नंतर आपणही तेच ऐकले. त्या वेळी रमाबाईंच्या बाजूने महाराष्ट्रात खणखणीतपणे उभे राहिले ते महात्मा जोतीराव फुले. १८८५ साली काढलेल्या 'सत्सार'च्या अंकांत शूद्र आणि ब्राह्मण ह्यांचा संवाद रचून त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. शिकलेल्या बाईने स्वतः ग्रंथ वाचले, त्यांतला पक्षपात तिच्या ध्यानी आला, आणि तिने तो धर्म टाकला, हा जोतीरावांचा रोख होता. स्वतः जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण दुसऱ्याचा निर्णय त्याच्या बुद्धीचा म्हणून मानण्याचा मोठेपणा त्यांच्यापाशी होता.

बुद्धी गहाण टाकून रमाबाई ख्रिस्ती झाल्या नव्हत्या, ह्याचा पुरावा मठातल्या भगिनींशी आणि इंग्रज धर्माधिकाऱ्यांशी त्यांच्या झालेल्या पत्रव्यवहारात आहे. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणून त्या वाद घालीत. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालायला त्यांनी नकार दिला. आपल्या लोकांना संस्कृत कळेल, लॅटिन नाही, असे त्यांचे म्हणणे. शाकाहार सोडला नाही. त्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे बिशपांनी सुचविले तेव्हा त्यांनी साफ विचारले की माझ्या देशात मी पुरुषांना शिकवीत होते, त्यात वावगे काय? भगिनींनी अहंकाराचा ठपका ठेवला. एका धर्माच्या पुरोहितांपासून सुटका करून घेतली ती दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांचे जोखड घेण्यासाठी नव्हे, हे रमाबाईंनी आपल्या पोशिंद्यांनाच सुनावले. पदरात लहान मूल, परका देश, हातात पैसा नाही, अशा स्थितीत हे करणे सोपे नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशी ह्यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाचे. तिथे त्यांनी व्याख्याने दिली, बालवाड्यांच्या पद्धती अभ्यासल्या आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे ते इंग्रजी पुस्तक लिहिले. ते चांगले खपले. १८८७ अखेर बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' उभी राहिली आणि तिने दहा वर्षे खर्च चालविण्याची हमी घेतली. ह्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्याला गेले.

शारदा सदन होते ते उच्चवर्णीय विधवांसाठी. हे लपविण्याचे कारण नाही. केशवपन करून, तांबडे आलवण नेसवून, अंधाऱ्या खोलीत कोंडून घातलेली बालविधवा ही मुख्यतः ब्राह्मण घरातली गोष्ट होती. आपल्याकडे पाटाची चाल होती. नवरा मेला म्हणून बाईचे आयुष्य संपत नसे. तिचे हाल निराळे होते. सदनात मुलींनी आपापले सोवळे-ओवळे पाळावे, त्यात ढवळाढवळ होणार नाही, अशी व्यवस्था होती. सुधारकांची सल्लागार समिती होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली मुलगी. १८९३ साली तिचे धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी लग्न झाले, आणि त्याच कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. कर्व्यांच्या पुढल्या सगळ्या संस्थांचा पसारा पाहताना त्यामागे शारदा सदनात शिकलेली एक मुलगी होती हे सहसा कोणी सांगत नाही.

पण १८९३ सालीच सदनावर घाला आला. रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थना करीत. दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. आई जिथे बसेल तिथे लेक येऊन बसते, त्यातला प्रकार. केसरीने रान उठविले. समितीतल्या रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्यांनीही राजीनामे दिले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. दार बंद करून प्रार्थना करा एवढेच मागणे होते. ते त्यांनी मानले नाही. ह्या प्रकरणात दोन्ही बाजूंना काही म्हणता येईल. धार्मिक तटस्थतेचे वचन दिले होते ते काटेकोर पाळायला हवे होते, हे खरे. पण जे समाजधुरीण ह्या मुलींना घरी नेऊन पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत टाकायला तयार झाले, त्यांना धर्माची एवढी काळजी आणि मुलींची काहीच नाही, हेही तितकेच खरे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्याच्या कडेला मरत होती. रमाबाईंना आपली सोळा वर्षांची वेळ आठवली आणि त्या तिकडे धावल्या. सरकारी मदत केंद्रांत, अनाथगृहांत त्यांनी जे पाहिले ते भयंकर होते. आईबाप मेलेल्या मुली मुकादमांच्या, शिपायांच्या, कुंटणखान्यांच्या दलालांच्या हाती लागत होत्या. पोटाला मूठभर दाण्यांसाठी मुली विकल्या जात होत्या. तीनशे मुली वाचवायच्या असा निश्चय करून त्या टोळीटोळीने मुली घेऊन आल्या. हाडांचे सापळे, अंगभर खरूज, डोक्यात उवा. काही वाटेतच गेल्या, काही पोहोचून गेल्या.

ह्या मुलींना जात विचारणे शक्य नव्हते. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, नाना हलक्या मानलेल्या जातींच्या मुली होत्या त्या. शारदा सदनाचा उंबरठा येथे मोडला. सुधारकांचे उपदेश, समितीचे ठराव, कोणी जे करू शकले नाही ते दुष्काळाने केले. पुण्यात प्लेग होता, एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकारी तयार नव्हते. केडगावी रमाबाईंनी आधीच जमीन घेतली होती. तिथे तंबू आणि गवताच्या झोपड्या ठोकून मुली राहू लागल्या. ह्या वस्तीचे नाव मुक्ती.

त्याच वर्षी, १८९७ साली, पुण्यातल्या सरकारी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची कशी विटंबना होते ह्यावर त्यांनी एका इंग्रजी पत्रात उघड पत्र लिहिले. त्याचे पडसाद थेट विलायतेच्या पार्लमेंटात उमटले. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारच्या दावणीला बांधली, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

१८९९-१९०० साली गुजरात-राजपुतान्यात दुष्काळ पडला आणि मुक्तीत मुलींची रीघ लागली. वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे म्हणजे काय ते ज्याने लग्नाची एक पंगत सांभाळली असेल त्याने समजून घ्यावे. विहिरी खणल्या. शेती, दूधदुभते, भाजीपाला. मुली हातमागावर कापड विणू लागल्या, घाण्यावर तेल काढू लागल्या, शिवणकाम, सुतारकाम, दोऱ्या वळणे शिकल्या. सकाळी शाळा आणि उरल्या वेळात काम, असा शिरस्ता. काही मुली शिकून शिक्षिका झाल्या, काही परिचारिका. अंध मुलींसाठी वेगळी शाळा निघाली. मनोरमाबाई परदेशी बोटांनी वाचण्याची लिपी शिकून आल्या होत्या, ती त्यांनी ह्या मुलींना शिकविली. अंध मुली टोपल्या विणीत, खुर्च्यांना वेत भरीत आणि डोळस मुलींना पाठांतरही सांगत. छापखाना तर सबंध बायकांनी चालविलेला. खिळे जुळविणे, यंत्र फिरविणे, कागद घडी करणे, बांधणी, सगळे बायकाच करीत. आईच्या तिरडीला खांदा देणाऱ्या त्या पंडित मुलीच्या घरी जे हुन्नर नव्हते, ते केडगावात प्रत्येक मुलीच्या हाती जावे, असा हा बेत होता.

कृपा सदन हे फसविल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी. येथे जोतीराव-सावित्रीबाईंची आठवण होते. त्यांनी १८६३ सालीच पुण्यात आपल्या घरी, अडलेल्या विधवांसाठी बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले होते आणि अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला होता. रमाबाईंना परदेशी निधी होता, जोतीरावांपाशी तोही नव्हता.

एक अवघड गोष्ट बोलायची राहिली. ह्या हजारो मुली ख्रिस्ती झाल्या. १९०५ साली तर मुक्तीत धर्मभावनेची मोठी लाट उसळली. मुली रडत, ओरडत तासन् तास प्रार्थना करीत. आपल्यासारख्या, तथागतांच्या विवेकमार्गावरून चालू पाहणाऱ्यांना ती वर्णने वाचताना अवघडल्यासारखे होते. रमाबाईंनी स्वतः धर्म सोडला तो वेदांपासून पुराणांपर्यंत वाचून, वाद करून, वर्षानुवर्षे तळमळून. पण उपाशी पोटी, आईबापावाचून आलेली आठ वर्षांची मुलगी ज्या घरात भाकर मिळते त्या घरचा देव आपला म्हणते. तिच्या त्या म्हणण्याला निवड म्हणता येईल काय? मला वाटते, नाही. बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे लोकांना विचार करायला मिळाली. केडगावच्या मुलींना ती मिळाली नाहीत. पण त्याच वेळी, ह्या मुलींना रस्त्यावरून उचलायला हिंदू धर्माचे कोणते पीठ, कोणता मठ, कोणता देवस्थानचा विश्वस्त गेला होता? ज्यांनी दाणा दिला नाही त्यांना बाटविल्याची तक्रार करण्याचा अधिकार नाही. ह्या दोन्ही गोष्टी मला एकदमच खऱ्या वाटतात, आणि त्यांतली एक गाळून दुसरी सांगणे मला जमत नाही.

रमाबाईंचा शेवटचा काळ बायबलच्या भाषांतरात गेला. चालू मराठी भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झालेले, खेड्यातल्या बाईला न कळणारे, असे त्यांचे मत. म्हणून साठीकडे झुकताना त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध ग्रंथ उतरविला. संस्कृतात वाढलेल्या पंडितेने संस्कृत बाजूला ठेवून बोलीकडे यावे ह्यात नवल वाटेल. आम्हांला वाटू नये. भगवंतांनी आपला उपदेश लोकांच्या भाषेतच करायला सांगितला होता.

१९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. काम मनोरमाबाईंच्या हाती सोपवावे असा आईचा मानस होता. मनोरमाबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका, मुक्तीचा निम्मा भार त्यांच्याच अंगावर होता. पण चाळिशीतच, २४ जुलै १९२१ रोजी, त्यांचा अंत झाला. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. रमाबाई पुन्हा भाषांतराच्या कागदांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचे देहावसान झाले. सबंध ग्रंथ छापून बाहेर पडला तो त्यानंतर, १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे तिथल्या बायकांनी जुळविले होते. दुष्काळात रस्त्यावरून आणलेल्या मुली एव्हाना त्याच कामात मुरलेल्या बाया झाल्या होत्या.